गिटार सेटअपसाठी ट्यूनर : काटा, फिरती तबकडी की डिजिटल?

तरफ

ट्यूनरचा विषय निघाला की चर्चा लगेच ‘कुठला घेऊ’ याकडे वळते. या धाग्यात फक्त सेटअपच्या, म्हणजे गिटारचे भाग नीट जुळवून घेण्याच्या, टेबलावरच्या कामाबद्दल बोलू या. दोन गाण्यांच्या मध्ये तार सुरात आणायची असेल तर वेग लागतो. सॅडल, म्हणजे ब्रिजवर तार टेकते तो तुकडा, पाव मिलिमीटर मागे घ्यायचं की नाही हे ठरवायचं असेल तर बारकावा लागतो. दोन्हींना एकच यंत्र पुरेलच असं नाही.

टेबलावर साधारण चार प्रकार दिसतात. पहिला, खऱ्या फिरत्या तबकडीचा स्ट्रोब. कॉन कंपनीचा स्ट्रोबोकॉन १९३६चा, पीटरसनचं मॉडेल ४०० हे १९६७चं. दुसरा, काट्याचा मीटर. कोर्गचा डब्ल्यूटी-१० (१९७५) आणि बॉसचा टीयू-१२ (१९८३) या घराण्यातले. तिसरा, एलईडीचे पेडल आणि क्लिप. चौथा, तबकडी नसलेला पण स्ट्रोबच्या पद्धतीने दाखवणारा डिजिटल, म्हणजे पीटरसनचे स्ट्रोबोस्टॉम्प, स्ट्रोबोक्लिप, सॉनिक रिसर्चचा टर्बो ट्यूनर आणि पॉलीट्यूनचा स्ट्रोब मोड.

किती बारकावा लागतो त्याचं गणित आधी मांडतो, म्हणजे चर्चा हवेत राहणार नाही. ६४८ मिमी स्केलच्या, म्हणजे मोकळ्या तारेच्या तेवढ्या वाजणाऱ्या लांबीच्या, गिटारवर सॅडल १ मिमी मागे घेतलं आणि मोकळी तार पुन्हा सुरात आणली, तर बाराव्या फ्रेटचा (नेकवरच्या बाराव्या आडव्या धातूच्या पट्टीचा) सूर मोकळ्या तारेच्या तुलनेत सुमारे २.७ सेंट उतरतो. दोन लगतच्या फ्रेटांच्या सुरांतल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट. ६२८ मिमी स्केलवर हाच आकडा २.८च्या आत येतो. सॅडलच्या स्क्रूला इंचाला ४० आटे असतील तर एका पूर्ण फेऱ्यात सॅडल ०.६३५ मिमी सरकतं, म्हणजे १.७ सेंट. एम-३ स्क्रू असेल तर फेऱ्याला ०.५ मिमी, म्हणजे १.३ सेंट. अर्धा फेरा फिरवल्याचा फरक दिसायला हवा असेल तर ट्यूनरने एक सेंटच्या आतलं दाखवायला हवं. बॉसच्या टीयू-३सारख्या पेडलची अचूकता ±१ सेंट दिलेली असते. मग अशा पेडलवर इंटोनेशन, म्हणजे सॅडल सरकवून मोकळी तार आणि बारावा फ्रेट सुरात जुळवणं, करावं का?

---

स्ट्रोबवाला

करता येतं, पण शेवटचा अर्धा फेरा अंदाजपंचे होतो. याचं कारण ±१ हा आकडा नसून दाखवण्याची पद्धत आहे.

एलईडी किंवा काट्याचा ट्यूनर आधी सूर मोजतो, काही क्षणांची सरासरी काढतो आणि मग निकाल देतो. दिवा नाचू नये म्हणून सरासरी लांब ठेवलेली असते आणि मध्यभागी एक मोकळी पट्टीही ठेवलेली असते. बऱ्याच ट्यूनरमध्ये हिरवा दिवा मध्याच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन सेंटपर्यंत पेटलेलाच राहतो. स्टेजवर हे उपयोगी आहे. सेटअपमध्ये मात्र मोकळी तार हिरवी आणि बारावा फ्रेटही हिरवा दिसला, तरी दोघांत चार सेंटचा फरक लपलेला असू शकतो. एक पट्ट्याच्या खालच्या टोकाला, दुसरा वरच्या.

स्ट्रोब निकाल देत नाही. जुन्या यंत्रात तबकडी ठरलेल्या वेगाने फिरते आणि तारेचा आवाज वाढवून त्यावर मागचा निऑन दिवा लुकलुकतो. दोघांचा मेळ बसला की नक्षी थबकते. सूर चढा असेल तर ती उजवीकडे वाहते, उतरलेला असेल तर डावीकडे. फरक जितका कमी तितकं वाहणं संथ. मध्ये सरासरी काढणारं कोणी नसल्यामुळे तार वाजल्यापासून विझेपर्यंत सुरात जे घडतं ते सगळं दिसतं.

तबकडीवर एकात एक अनेक पट्टे असतात, प्रत्येक पट्टा एकेका सप्तकाचा, आणि सेटअपवाल्याला खरी मदत तिथेच होते. सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेच्या बाराव्या फ्रेटचा ई म्हणजे १६४.८ हर्ट्झ. तिथे एक सेंट म्हणजे फक्त ०.०९५ हर्ट्झ. मूळ सुराच्या पट्ट्यात नक्षीला एक घर सरकायला साडेदहा सेकंद लागतात, तोवर तार विझत आलेली असते. त्याच तारेचा चौथा हार्मोनिक (मूळ सुराच्या चौपट कंपनांचा उपसूर) ६५९ हर्ट्झच्या पट्ट्यात दिसतो आणि तिथे तोच एक सेंट पावणेतीन सेकंदांच्या आत एक घर सरकवतो. वरचा पट्टा भिंगाचं काम करतो.

---

कानस_पट्टी

स्ट्रोबवाला, वरच्या पट्ट्याबद्दल एक सावधगिरी जोडतो. तार ताठ असते, त्यामुळे तिचे वरचे हार्मोनिक नेमक्या पटीत नसतात, किंचित चढे असतात. जाड साध्या तारेत, म्हणजे न गुंडाळलेल्या तिसऱ्या तारेत, हे डोळ्यांना दिसतं. खालचा पट्टा स्थिर, वरचा उजवीकडे वाहतोय. अशा वेळी मोकळ्या तारेला खालचा पट्टा पाहिला आणि बाराव्या फ्रेटला वरचा, तर नसलेली चूक दुरुस्त करायला घ्याल. पट्टा एकच धरा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. खालचा पट्टा ट्यूनरवर नीट दिसत नसेल तर त्याच्या लगतचा वरचा चालेल.

तरफ, तुमचं गणित बरोबर आहे, पण ट्यूनर ही साखळीतली सगळ्यात कच्ची कडी क्वचितच असते. स्ट्रोब आणल्यावर लोक ०.१ सेंटच्या मागे लागतात आणि खाली फ्रेट चपटा झालेला असतो. तार फ्रेटच्या माथ्यावर एका रेषेत टेकली पाहिजे. माथा झिजून २ मिमी रुंद सपाट झाला असेल तर तार त्याच्या ब्रिजकडच्या कडेवर टेकते, मध्यापासून १ मिमी पुढे. बाराव्या फ्रेटवर वाजणारी लांबी ३२४ऐवजी ३२३ मिमी होते आणि सूर ५.३ सेंट चढतो. हा दोष तुम्ही सॅडलने भरून काढलात की शेजारचे चांगले फ्रेट बिघडतात. कितीही भारी ट्यूनर असला तरी तो हे सांगत नाही. फ्रेटचा माथा बाजूने उजेडात पाहावा लागतो आणि गरज असेल तर कानस लावून पुन्हा गोल करावा लागतो.

म्हणून इंटोनेशन सगळ्यात शेवटी. आधी नव्या तारा चढवा, ओढून ताणून घ्या. मग नेकचा बाक. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), शेवटचा फ्रेट दाबून आठव्या फ्रेटपाशी फीलर गेज (फट मोजण्याची पातळ पट्टी). ९.५ ते १२ इंच त्रिज्येच्या फ्रेटबोर्डला फेंडर ०.२५ मिमी सांगतं, ७.२५ इंचाला ०.३ मिमी. त्यानंतर सतराव्या फ्रेटपाशी ॲक्शन (तारेची फ्रेटपासूनची उंची), ९.५ ते १२ इंचाला दोन्ही बाजूंना १.६ मिमी. मग नट (खुंट्यांच्या बाजूला तारा टेकतात ती खाचांची पट्टी), मग पिकअपची (तारांखालच्या चुंबकाची) उंची. यातलं काहीही नंतर बदललं तर इंटोनेशन पुन्हा तपासावं लागतं.

पिकअपची उंची लोक विसरतात. चुंबक तारेच्या जवळ आला की तार ओढली जाते आणि सुरात लाटा उठतात, विशेषतः स्ट्रॅटच्या (फेंडर स्ट्रॅटोकास्टरच्या) नेक पिकअपवर जाड तारांना वरच्या फ्रेटांवर. स्ट्रोबवर हे लगेच ओळखू येतं. नक्षी एका दिशेने वाहत नाही, मागे-पुढे डुचमळते. शेवटचा फ्रेट दाबून व्हिंटेज पद्धतीच्या सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीच्या) पिकअपला जाड तारेखाली २.४ आणि बारीक तारेखाली २ मिमी अंतर ही सुरुवातीची जागा. डुचमळणं थांबेपर्यंत पिकअप खाली घ्या, सॅडलला त्याआधी हात लावू नका.

---

सोल्डर

सिग्नलबद्दल लिहितो, कारण ट्यूनर ‘खोटं बोलतो’ असं वाटतं तेव्हा निम्म्या वेळा चूक तिथे असते.

क्लिपऐवजी केबल. क्लिप हेडस्टॉकची, म्हणजे खुंट्या असतात त्या टोकाची, थरथर मोजतो, आणि हेडस्टॉकला शेजारच्या तारांचीही थरथर पोचते. केबल थेट ट्यूनरमध्ये, मध्ये कुठलंही पेडल नको. नेक पिकअप निवडा, व्हॉल्यूम पूर्ण, टोन पूर्ण खाली. टोन खाली केल्याने वरचे हार्मोनिक दबतात आणि मूळ सूर पुढे येतो. उरलेल्या पाच तारांखाली फोमची पट्टी सरकवून त्या गप्प करा. स्ट्रॅट असेल तर मागच्या स्प्रिंगांमध्येही फोम कोंबा, त्याही वाजत असतात.

आपल्याकडच्या विजेचा एक हमखास त्रास आहे. सिंगल कॉइलमध्ये ५० हर्ट्झचा गुणगुणाट येतो, सोबत त्याची पट १००. आता ४९ हर्ट्झ म्हणजे जी हा सूर, आणि ५० हर्ट्झ म्हणजे तोच जी ३५ सेंट चढा. ९८ आणि १०० हर्ट्झचंही तेच. तार विझत आली की ट्यूनर मध्येच चढा जी दाखवायला लागतो आणि माणूस गोंधळतो. असं दिसलं तर तार नाही, तुमच्या घरची वीज मोजली जातेय असं समजा. उपाय सोपा आहे. मधला पिकअप उलट्या गुंडाळीचा असेल तर नेक आणि मधला एकत्र असलेल्या जागेवर स्विच ठेवा, गुणगुणाट कटतो. ट्यूनर बॅटरीवर चालवा, आणि ट्यूबलाइटच्या चोकपासून गिटार लांब धरा.

ट्यूनर किती बारीक दाखवतो हे कंपनीच्या कागदावरून ठरवण्याची गरज नाही, घरी तपासता येतं. संगणकावर साइन वेव्ह काढणारं कुठलंही सॉफ्टवेअर घ्या. हेडफोनच्या जागेतून ३.५ ते ६.३५ मिमी केबलने ट्यूनरमध्ये आवाज द्या, पातळी कमी ठेवून. आधी ४४०.०० हर्ट्झ. मग ४४०.२५ (एक सेंट), ४४०.५१ (दोन सेंट), ४४१.२७ (पाच सेंट). हिरवा दिवा नेमका कधी विझतो ते लिहून ठेवा. मग खालच्या दिशेनेही तेच करा. त्यानंतर ८२.४१ आणि ८२.४५ देऊन पाहा, कारण वर चांगले वागणारे पुष्कळ ट्यूनर खालच्या ईला ढिसाळ असतात. फोनवरच्या ॲपचीही अशीच परीक्षा घेता येते. फोनचं घड्याळ ५० पीपीएमने (दहा लाखांत ५० भागांनी) चुकलं तरी सुरात ०.०९ सेंटपेक्षा कमी फरक पडतो, तेव्हा घड्याळाला दोष देऊ नका. घोळ असतो तो मायक्रोफोनवर पडणाऱ्या खोलीतल्या आवाजाचा आणि ॲप किती सरासरी काढतं त्याचा.

---

तरफ

सोल्डर, ही चाचणी करून पाहण्यासारखी आहे. त्यावरून एक मुद्दा. इंटोनेशनमध्ये आपण ट्यूनरला दोनच सूर विचारतो, मोकळी तार आणि बारावा फ्रेट, आणि दोघांतला फरक पाहतो. ट्यूनर सगळंच २ सेंट चढं दाखवत असेल तरी फरक बरोबरच येतो. म्हणजे खरी अट अचूकतेची नाही, सातत्याची. तोच सूर पाच वेळा वाजवला तर पाचही वेळा तेच दिसलं पाहिजे. टर्बो ट्यूनर ±०.०२ सेंट सांगतो, पीटरसन ०.१. हा फरक टेबलावर जाणवतो का?

---

स्ट्रोबवाला

गिटारवर नाही. तुमचं बोट त्याच्या कितीतरी पट जास्त हलतं. उंच जम्बो फ्रेटवर बोट जरा जोरात दाबलं की तार फ्रेटांच्या मध्ये लाकडाकडे वाकते आणि सूर काही सेंट चढतो. ०.१ सेंट दाखवणारा ट्यूनर सेटअपला पुरून उरतो.

जुन्या तबकडीच्या यंत्राबद्दल लिहायचं राहिलं होतं. विकत घेण्याआधी या गोष्टी पाहा. अमेरिकेतून आलेली यंत्रं ११०-१२० व्होल्टची असतात. इथे २३०मध्ये थेट लावली तर ट्रान्सफॉर्मर जळतो, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतोच. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर इतक्या वर्षांत सुकलेले असतात, ते बदलावे लागतात. व्हॅल्व्हचं मॉडेल असेल तर बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणं व्होल्टेज साठून राहतं, तेव्हा हे काम व्हॅल्व्ह ॲम्प दुरुस्त करणाऱ्याकडेच द्या. निऑन दिवा मंद झाला असेल तर नक्षी फिकी दिसते, खोलीत अंधार करावा लागतो. चालू केल्यावर अर्धा तास तापू द्या. तापत असताना संदर्भच सरकत असतो, आणि तुमची पहिली तार व शेवटची तार यांच्यात तेवढा फरक शिरतो. सातत्याची अट इथेच मोडते, तरफ.

ही यंत्रं मला मनापासून आवडतात. पण आज पहिला ट्यूनर घेणाऱ्याला मी डिजिटल स्ट्रोबच सांगेन. दिसतं तेच, तापवायला नको, भाग शोधत फिरायला नको.

काट्याच्या मीटरबद्दल दोन शब्द. −५० ते +५० अशी शंभर सेंटची पट्टी पाच सेंटिमीटरमध्ये बसवली तर एक सेंटच्या वाट्याला अर्धा मिलिमीटर येतो, आणि काट्याची स्वतःची जाडी त्यातच. डोळा सरळ समोर नसेल तर एक-दोन सेंटचा भास होतो. तरी ज्यांच्याकडे टीयू-१२ आहे त्यांनी तो टाकून देऊ नये. काटा सुराचा कल छान दाखवतो, सूर चढत चाललाय की उतरत, आणि मोकळी तार व बारावा फ्रेट यांत पाच-सहा सेंटचा फरक असेल तर तो काट्यावर लगेच कळतो. ढोबळ काम त्याच्यावर, शेवटचं स्ट्रोबवर.

---

मांडवी_बास

बासबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून भर घालतो. चार तारांच्या बासचा मोकळा ई ४१.२ हर्ट्झ, पाच तारांचा मोकळा बी ३०.९. इथे एक सेंट म्हणजे ०.०२ हर्ट्झच्या आसपास. बहुतेक एलईडी ट्यूनर दुसऱ्या हार्मोनिकवर उडी मारतात किंवा दिवे नाचवत बसतात. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर यांची तुलना करा, दोन्ही एकाच सप्तकात असल्याने ट्यूनर दोघांना सारखीच वागणूक देतो. बी तारेला तेही कठीण गेलं तर सातवा आणि एकोणिसावा फ्रेट दाबून तुलना करा. ८६४ मिमी स्केलवर सॅडलच्या १ मिमीला बाराव्या फ्रेटपाशी २ सेंट पडतात, तेव्हा बासच्या सॅडलला जास्त सरकावं लागतं आणि कधीकधी स्क्रू संपतो. मग स्प्रिंग छोटी करून किंवा काढून जागा करतात.

गोव्यात आणि कोकणात पावसाळ्यात लाकूड ओल पितं आणि नेकचा बाक हलतो. जूनआधी बिनचूक केलेलं इंटोनेशन जुलैत चुकलं असं वाटतं तेव्हा आधी फीलर गेज काढा, ट्यूनर नंतर. दुसरं म्हणजे तारा. खाऱ्या हवेत गंज लवकर चढतो, गंज सगळीकडे सारखा नसतो, आणि तारेचं वजन लांबीभर सारखं नसेल तर कुठलंही सॅडल तिला सुरात ठेवू शकत नाही. जुन्या तारेवर इंटोनेशन करू नका, एवढंच.

---

तरफ

मला अजून एक गोष्ट नक्की करायची आहे. तार छेडली की सुरुवातीला सूर चढा असतो आणि मग खाली बसतो. स्ट्रोबवर हे स्पष्ट दिसतं. नेमका कुठला क्षण धरायचा?

---

कानस_पट्टी

गिटार कोण कसं वाजवणार त्यावर. पिकने जोरात ऱ्हिदम वाजवणाऱ्याच्या कानावर पहिला अर्धा सेकंदच पडतो, त्याच्यासाठी सुरुवातीचा भाग धरा. सावकाश, लांब सूर धरणाऱ्यासाठी एक सेकंदानंतरचा. मोकळी तार आणि बारावा फ्रेट दोन्हींना तोच क्षण आणि छेडण्याचा तोच जोर, मग फरक खरा येतो. जाड तारेला आणि ढिल्या ट्यूनिंगला हा चढ जास्त असतो, आणि ड्रॉप ट्यूनिंगवाल्या (तार नेहमीपेक्षा खाली उतरवलेल्या) गिटारचं इंटोनेशन त्याच ट्यूनिंगमध्ये करायचं, स्टँडर्डमध्ये करून मग तार उतरवायची नाही.

आता कामाची पूर्ण रीत लिहितो, स्ट्रॅटच्या सहा सॅडलसाठी. बाकीच्यांनी त्यातून काढून घ्यावं.

नटच्या कडेपासून बाराव्या फ्रेटच्या मध्यापर्यंत पोलादी पट्टीने मोजा आणि दुप्पट करा. पहिल्या तारेचं सॅडल त्या लांबीवर. दुसऱ्या तारेचं सॅडल त्याच्या मागे, दुसऱ्या तारेच्या जाडीएवढं. तिसऱ्याचं दुसऱ्याच्या मागे, तिसरीच्या जाडीएवढं. चौथ्याचं सॅडल दुसऱ्याच्या ओळीत, आणि पाचवं-सहावं पुन्हा त्याच रीतीने मागे मागे. ही फेंडरची सुरुवातीची पद्धत आहे. ९-१० गेजच्या (बारीक) तारांना यावरून पुढे थोडंच काम उरतं.

गिटार वाजवताना धरतो तशी धरा. टेबलावर पाठीवर झोपवून मोजू नका, नेक स्वतःच्या वजनाने आणि खालच्या टेकूने वेगळी वाकते आणि ट्यूनरवर दिसते. एसीचा किंवा पंख्याचा झोत तारांवर नको, गार वाऱ्याने सूर चढतो. तार नेहमी खालून वर आणत सुरात लावा. वर गेली तर पुरती उतरवून पुन्हा चढवा, नाहीतर खुंटीच्या दातांमधला ढिलेपणा मध्येच सुटतो. खुंटी पिळताना नटपाशी ‘टिक’ आवाज आला तर तार खाचेत अडकतेय. पेन्सिलचं शिसं खाचेत फिरवा किंवा खाच साफ करा, तोवर मोजण्यात अर्थ नाही.

मोकळी तार सुरात लावा, नक्षी थांबली पाहिजे. बारावा फ्रेट नेहमीच्या दाबाने दाबा, तार आडवी ओढू नका. सूर चढा असेल तर सॅडल मागे, उतरलेला असेल तर पुढे, म्हणजे नेककडे. किती सरकवायचं ते तरफ यांच्या आकड्यावरून काढा. ४ सेंट चढा असेल तर ४ भागिले २.७, म्हणजे दीड मिमी मागे. मागे घेण्याआधी तार थोडी ढिली करा, ताणलेल्या तारेवर सॅडल ओढलं तर स्क्रूचे आटे आणि सॅडलची कड दोन्ही खराब होतात. सरकवल्यावर तार सॅडलपाशी बोटाने दाबून बसवा, म्हणजे तिचा बाक नव्या जागी येईल. हे न करता मोजलं की पुढच्या दिवशी आकडा बदललेला दिसतो.

तरंगता ट्रेमोलो (स्प्रिंगांवर हलणारा ब्रिज) असेल तर एका तारेचा ताण बदलला की बाकीच्या पाचही हलतात. बॉडी आणि ब्लॉकच्या मध्ये लाकडाची पाचर बसवून ब्रिज अडवा, काम करा, मग पाचर काढा. फ्लॉइड रोझ या तरंगत्या ट्रेमोलोमध्ये सॅडल सरकवायला प्रत्येक वेळी तार पूर्ण ढिली करावी लागते, म्हणून तिथे वरचं गणित सोन्यासारखं आहे. एकदा नीट मोजा, व्हर्नियरने सॅडलची जागा टिपा, हिशेबाएवढं सरकवा. अंदाजाने करणाऱ्याचा एकेका तारेवर तास जातो.

शेवटी एकट्या बाराव्या फ्रेटवर थांबू नका. तिसरा, पाचवा, सातवा आणि पंधरावा फ्रेट पाहा. बारावा बरोबर, पण पहिला-दुसरा-तिसरा ८-१० सेंट चढे असतील तर ते सॅडलचं काम नाही, नटची खाच उंच राहिली आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये तार दाबा आणि पहिल्या फ्रेटवरचं अंतर पाहा. तिथे कागदाएवढीच फट हवी. त्याहून जास्त असेल तर तारेच्या जाडीची नट कानस घेऊन, खाच हेडस्टॉककडे उतरती ठेवून, दोन-दोन घासांनी खोल करा आणि प्रत्येक वेळी पुन्हा ट्यूनरवर पाहा. जास्त घासलं की नट बदलावा लागतो.

---

सोल्डर

कानस_पट्टींच्या शेवटच्या परिच्छेदाला जोडून एक तक्रार नेहमी येते. “ट्यूनरवर सगळं थांबतं, तरी ईच्या कॉर्डमध्ये तिसरी तार टोचते.” तिथे वाजतो तो जी शार्प, कॉर्डचा गांधार. समान अंतराच्या सप्तकात हा गांधार ४०० सेंटवर असतो, शुद्ध जुळणारा ३८६वर. पावणेचौदा सेंटचा हा चढ फ्रेटच्या रचनेतच आहे. त्यात उंच नटचे आठ सेंट मिळाले की कान दुखतो. नट नीट करा, पण उरलेला चढ सॅडल हलवून काढायला जाऊ नका, नाहीतर त्याच तारेवरचे बाकीचे सगळे सूर पडतील.

ज्यांना तंतोतंत ट्यूनर मिळालाय ते पाचव्या आणि सातव्या फ्रेटचे हार्मोनिक जुळवून तारा लावतात तेव्हाही हेच होतं. सातव्या फ्रेटचा हार्मोनिक शुद्ध पंचम देतो, ७०२ सेंट, आणि गिटारला हवा असतो ७००. दर जोडीला दोन सेंट साचत जातात. प्रत्येक तार स्वतंत्रपणे ट्यूनरवर लावा.

डिजिटल स्ट्रोबमध्ये ‘स्वीटन्ड’ ट्यूनिंगची सोय असते, म्हणजे तारेगणिक थोडा चढ-उतार आधीच भरलेला. वाजवताना ती उपयोगी पडते, पण इंटोनेशन करताना बंद ठेवा. त्यातले आकडे ठरावीक सुरांना धरून असतात, मोकळ्या तारेला एक आणि बाराव्या फ्रेटला वेगळा लागला तर तुम्ही भलत्याच गोष्टीची दुरुस्ती कराल. पॉलीट्यूनचा सहा तारा एकदम दाखवणारा मोडही सेटअपला नको, स्ट्रोब मोडवर जा.

---

मांडवी_बास

पेटीसोबत वाजवणाऱ्यांसाठी एक भर. पेटी ४४०ला असेलच असं नाही. भाता सारखा ठेवून पेटीचा ए धरा आणि ट्यूनरचा संदर्भ बदलत जा, नक्षी थांबेल तो आकडा पेटीचा. गिटार त्यावर लावा. इंटोनेशन पुन्हा करायची गरज नाही, दोन-तीन हर्ट्झने तारेचा ताण फारसा बदलत नाही आणि मोकळी तार व बारावा फ्रेट दोन्ही एकत्रच वर जातात.

---

तरफ

अकूस्टिकबद्दल विचारून घेतो. तिथे स्क्रूच नाहीत. स्ट्रोबने दाखवलेला फरक घेऊन करायचं काय?

---

कानस_पट्टी

अकूस्टिकचं सॅडल साधारण ३ मिमी जाड हाडाचं, म्हणजे तारेचं टेकण्याचं टोक पुढे-मागे मिळून तीनच मिमी हलू शकतं. ६४५ मिमी स्केलवर हे सगळं मिळून आठ सेंट. तेवढ्यात सहाही तारा बसवायच्या.

नवं सॅडल वरून सपाट ठेवून सुरुवात करा. पहिल्या तारेचा आठ-दहा मिमीचा तुकडा कापा आणि ज्या तारेचं काम आहे तिच्याखाली सॅडलच्या माथ्यावर आडवा ठेवा. तार आता त्या तुकड्यावर टेकते. चिमट्याने तुकडा पुढे-मागे सरकवत स्ट्रोबवर मोकळी तार आणि बारावा फ्रेट जुळवा. जुळलं की तुकड्याची जागा टोकदार पेन्सिलने सॅडलवर खूण करा. सहा तारांच्या सहा खुणा. दुसऱ्या तारेची खूण जवळजवळ नेहमी मागच्या कडेला येते, आणि तिसरी गुंडाळलेली असल्यामुळे पुढे येते. म्हणूनच तयार सॅडलमध्ये दुसऱ्या तारेपाशी तो मागे गेलेला खाचा दिसतो.

मग सॅडल काढून प्रत्येक खुणेकडे दोन्ही बाजूंनी उतार द्या, माथा खुणेवरच राहिला पाहिजे आणि टोक गोल, धारदार नको. तुकड्याची जाडी पाव मिमीच्या आसपास असल्याने मोजताना तार सॅडलपाशी तेवढी उंच होते आणि बारावा फ्रेट किंचित चढा दिसतो. घासून झाल्यावर पुन्हा मोजा, एखाद-दुसऱ्या तारेला बारीक पॉलिश पेपरने हात फिरवावा लागतो. दुसऱ्या तारेला मागच्या कडेवर नेऊनही सूर चढाच राहिला तर ब्रिजची खाचच पुढे पडली आहे. तेव्हा खाच भरून नवी पाडावी लागते, सॅडल घासत बसून उपयोग नाही.